बोळावर अडलेलं कपाट

तौफीकचं बटणांचं दुकान होतं. शोरजाच्या बाजारात, एका बाजूला साबणवाला आणि दुसऱ्या बाजूला मसाल्यांची पोती, त्यांच्या मधे चेपून बसवलेलं. शिंपल्याची बटणं, शिंगाची बटणं, कापड मढवलेली बटणं... बोटाच्या पेराएवढ्या वस्तूंवर त्याचं उभं आयुष्य गेलेलं. त्यामुळे मोठी वस्तू समोर आली की माणूस जरा बिचकायचाच. उंट, ट्रक, बायकोचा मोठा भाऊ, काहीही. आणि नेमकं त्याच्याच नशिबी खाला नझहतचं कपाट आलं.

नझहत ही त्याच्या बायकोची, फखरियाची मावशी. आझमियाला नदीकाठी ऐसपैस घरात एकटी राहायची. म्हातारपणी मुलीकडे मोसुलला जायचं ठरलं, तेव्हा तिने घरातल्या वस्तू वाटून टाकल्या. एकाला गालिचा, एकाला समोवार. फखरियाला कपाट. अक्रोडाच्या लाकडाचं, तीन दारांचं, मधल्या दाराला डोक्यापासून पायापर्यंत आरसा, माथ्यावर द्राक्षांचे घोस कोरलेले आणि तळाला दोन खण.

"आपल्या घरात मावेल ना?" तौफीकने विचारलं.

"घरात मावेल," फखरिया म्हणाली.

घरात मावेल, हे खरंच होतं. प्रश्न घरापर्यंत पोचण्याचा होता.

तिगरिस नदीच्या करख काठावरची ती जुनी वस्ती. तौफीकचा बोळ म्हणजे दोन भिंतींनी एकमेकींना दिलेला धक्का. समोरून कोणी आलं तर एकाने जवळच्या दारात शिरायचं आणि शिरलोच आहोत तर घरच्यांची खुशाली विचारायची, अशी तिथली रीत. म्हणून बोळात कुणाच्या पोटात दुखलं तर टोकाच्या घरी ओवा उकळायला ठेवायचे. खाली बोळ अरुंद, आणि वरचे लाकडी सज्जे तर पुढे झुकून एकमेकांच्या कानाशी लागलेले. तौफीकच्या सज्जातून समोरच्या हाजी मुहसिनच्या सज्जात हात लांबवून मीठ देता आलं असतं.

पण कित्येक वर्षांत मीठ गेलं नव्हतं. त्याला कारण एक कांदा.

झालं होतं असं. एका ईदेला फखरियाने समोर ताट पाठवलं. खजुराचं सारण भरलेली कलीचा बिस्किटं, रचून रचून डोंगर केलेली. आता शेजारणीचं ताट रिकामं परत पाठवायचं नाही, हे तर पाळण्यातल्या पोरालाही कळतं. हाजीच्या बायकोने, बदरियाने, ताट परत पाठवलं. त्यात एक कांदा होता.

"कांदा!" फखरिया म्हणाली होती, आणि त्यानंतर त्या घराशी ती काही म्हणाली नव्हती.

बदरियाचं म्हणणं, त्या दिवशी घरात दुसरं काही नव्हतं आणि कांदा उत्तम होता. पण हे ऐकणार कोण? तेव्हापासून दोन्ही सज्जांच्या झडपा बंद. नवऱ्यांनाही बोलायची बंदी. नवरे बिचारे पूल ओलांडून पलीकडच्या काठावर एका कहवाखान्यात भेटायचे, दुपारभर डॉमिनो कुटायचे, आणि संध्याकाळी परत येताना बोळाच्या तोंडाशी एकमेकांना अनोळखी व्हायचे. हाजी मुहसिन नदीकाठी मासे भाजून विकायचा. अंगाने आडवातिडवा, आवाजाने त्याहून. अनोळखी होणं त्याला फार जड जायचं.

तर कपाट. तौफीकने मुराद नावाच्या हमालाला बोळ दाखवायला आणलं. मुरादने आयुष्यात पाठीवर काय काय वाहिलेलं, एकदा तर जिवंत घोडाही. त्याने बोळाच्या तोंडाशी उभं राहून आत पाहिलं, मग तौफीककडे पाहिलं.

"अबू गायब," तो म्हणाला, "इथून मी स्वतः जाईन की नाही, याचीच शंका आहे."

मूलबाळ नसलेल्या माणसालाही तिथे कुणाचा तरी बाप म्हणायचं असतं, म्हणून तौफीक हा अबू गायब, म्हणजे अजून न आलेल्याचा बाप, आणि फखरिया उम्म गायब, त्याची आई.

"मग आणायचं कुठून?"

मुरादने हनुवटीने नदीकडे खूण केली. "पाण्यावरून आणा. नदीवरच्या घरात दोरांनी वर घ्या. त्या घरातून या बाजूच्या सज्जात आणा, आणि तिथून सरळ तुमच्या सज्जात सरकवा. लोण्यात सुरी."

"नदीवरचं घर कुणाचं?" तौफीकने विचारलं. उत्तर त्याला माहीत होतं. नदी आणि त्याचं घर यांच्या मधे एकच घर होतं. हाजी मुहसिनचं.

त्या दुपारी डॉमिनोचे डाव लागलेच नाहीत.

"माझी ना नाही रे," हाजी म्हणाला. "माझ्या डोक्यावरून ने. पण आमच्या उम्म हाशिमला, बदरियाला, विचारणार कोण?"

"तू."

"मी? मी मासे भाजतो, सिंह नाही."

शेवटी दोघांनी ठरवलं की बायकांनाच बोलू द्यावं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही सज्जांच्या झडपा करकरत उघडल्या. इकडे फखरिया नवऱ्याला धरून उभी, तिकडे बदरिया. दोघींची तोंडं आपापल्या नवऱ्याकडे, आवाज मात्र अख्ख्या वस्तीसाठी.

"अबू गायब," फखरिया म्हणाली, "समोरच्या बाईंना सांगा, आमच्या मावशीचं कपाट यायचंय. अक्रोडाचं. आरशाचं. तीन दारांचं."

"ती म्हणते..." तौफीकने सुरुवात केली.

"ऐकलं मी," बदरिया आपल्या नवऱ्याला म्हणाली. "हाजी, त्या बाईला सांगा, आमचं घर म्हणजे काही गाढवांचा रस्ता नाही."

"ती म्हणते, आमचं घर..."

"त्यांना म्हणावं, गाढव नाही जायचं, कपाट जायचंय. गाढव तिथे आधीपासूनच आहे."

हाजीने मान खाली घातली. गाढव कोण ते विचारायची त्याची हिंमत झाली नाही.

"हाजी," बदरिया थंडपणे म्हणाली, "सांगा तिला, जाऊ देईन. पण आधी तिने म्हणायचं, कांदा चांगला होता."

खाली पाणीवाला थांबला. पिंजाऱ्याने धनुकलीची तात हाताने धरून गप्प केली. तौफीकने बायकोकडे पाहिलं. तिच्या गालाचा स्नायू उडत होता, तो उडायला लागला की घरातल्या भांड्यांनीही जपून राहायचं असतं. पण काय चमत्कार! फखरियाने राग गिळला.

"अबू गायब, सांगा त्यांना. कांदा..." तिने डोळे मिटले. "गोल होता."

"चांगला!"

"चांगला गोल होता."

बदरियाने जरा विचार केला. "चालेल," ती म्हणाली आणि झडप लावून घेतली.

तौफीकला मोठं नवल वाटलं. ज्या बाईने कांद्यापायी इतकी वर्षं शेजार टाकला, ती एका कपाटापायी इतकी नमावी? पण नवल करत बसायला वेळ नव्हता. कपाट आणायचं होतं.

हाजीकडे एक गुफा होती. टोपलीसारखी गोल, वेताची, बाहेरून डांबर फासलेली नाव. तिला पुढचं टोक नाही, मागचं नाही. गोल वस्तूला पाण्यात टाकलं की ती काय करते, ते सांगायला नको. ठरल्या दिवशी आझमियाच्या काठावर मुराद आणि त्याच्या जोडीदाराने कपाट खाली आणलं. खाला नझहत नातलगांचा निरोप घ्यायला गेलेली, घरी मोलकरणीशिवाय कोणी नाही. कपाट गुफेत आडवं ठेवलं तर बाहेर लटकू लागलं, म्हणून उभं केलं. त्याला दोन्ही हातांनी मिठी मारून तौफीक, आणि वल्हं घेऊन हाजी. हमाल पुलावरून पायी निघाले. त्यांना पोटची पोरं होती.

नदीला ओढ होती. गुफा काठापासून सुटली आणि फिरायला लागली.

"हाजी, आपण फिरतोय!"

"फिरणारच. गुफाच आहे ती."

"थांबव की!"

"थांबवलं तर बुडेल."

तौफीकच्या नाकासमोर आरसा. त्यात मशिदीचा घुमट यायचा आणि जायचा, खजुरांची बाग यायची आणि जायची, मग हाजीचं पोट, मग पुन्हा घुमट. थोड्या वेळाने कुठलं खरं आणि कुठलं आरशातलं हे कळेनासं झालं आणि त्याने चुकून नदीलाच सलाम केला. काठावर कपडे धुणाऱ्या बायकांनी पाहिलं, तर एक कपाट तिगरिसमधून गिरक्या घेत चाललंय, त्याच्यावर ऊन चमकतंय, आणि एक माणूस त्याला बिलगून मोठ्याने दुआ म्हणतोय. एक बाई दुसरीला म्हणाली, "नवं लग्न दिसतंय."

हाजीच्या घराखाली पोचेपर्यंत तौफीकच्या चेहऱ्याचा रंग बदलून पिस्त्यासारखा झाला होता. त्याला काठावर बसवून लिंबू चोखायला दिलं, तोवर हमालांनी वरून दोर सोडले. कपाट वर चढलं. चढता चढता हवेतच एक गिरकी घेऊन पालथं झालं, आरसा खाली आणि पाठ वर. तसंच ते हाजीच्या माडीवर ओढून घेतलं. खोलीत पुन्हा उलटं करायला जागा नव्हती. "राहू द्या पालथं," मुराद म्हणाला. खाली रजया अंथरल्या आणि कपाट घसरत घसरत निघालं.

बदरिया कोपऱ्यात गादीवर बसली होती. घरात परके पुरुष आलेले, म्हणून अबाया तोंडावर ओढून, बुरुजासारखी ताठ. समोर, आपल्या सज्जात, फखरिया ईदेला नटावी तशी नटून उभी. डोळ्यांत सुरमा, कानात सोन्याचे डूल. कपाट इंच इंच पुढे सरकत होतं आणि ती तिकडून ओरडून हुकूम सोडत होती, "हळू! ते कोरीव काम आहे! जरा थांबा तिथे. थांबा म्हणते ना! दमला असाल, दम खा." असं तिने हमालांना बदरियाच्या अगदी पुढ्यात तीनदा थांबवलं. हमाल म्हणाले, एवढी दयाळू बाई पाहिली नाही.

मग कपाटाचा माथा हाजीच्या सज्जातून बाहेर निघाला, बोळावरून पुढे गेला, तिरका होऊन तौफीकच्या सज्जात शिरला. "सरळ करा!" मुराद ओरडला. सरळ केलं. आणि सरळ करताच माथ्यावरचे द्राक्षांचे घोस तौफीकच्या चौकटीत आतून अडकले, आणि पायथा हाजीच्या चौकटीत. पुढे ढकललं, जाईना. मागे ओढलं, येईना. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, असं म्हणायचीही सोय नव्हती. इथे हत्तीच राहिला होता, शेपटाचा पत्ता नव्हता.

सगळ्यांनी आपापली अक्कल पाजळली. साबण लावा, तेल लावा, ऊन उतरू द्या, लाकूड आकसेल. हाजी म्हणाला, "मधोमध दाब पडला पाहिजे. कुणीतरी वर जाऊन उडी मारा."

सगळ्यांनी तौफीककडे पाहिलं. सगळ्यांत हलका तोच.

"हलका माणूस दाब काय देणार?" त्याने विचारलं, आणि ते खरं तर अगदी शहाणपणाचं बोलणं होतं. पण जड माणूस म्हणजे हाजी, आणि हाजी वर चढला असता तर दोन्ही घरं खाली आली असती. तौफीक रांगत कपाटाच्या पाठीवर गेला. मधोमध उभा राहिला. खाली बोळ, वर आभाळाची चिंधी. त्याने अल्लाचं नाव घेऊन उडी मारली.

कपाट हललं नाही. तौफीक हलला. एका बाजूने तो जो गेला तो सरळ खाली, पिंजाऱ्याने मघापासून पिंजून ठेवलेल्या कापसाच्या ढिगात. कापूस ढगासारखा उडाला. पिंजारी धनुकली घेऊन तसाच उभा. ढगातून आधी एक बूट बाहेर आला, मग तौफीकचा आवाज.

"हललं का?"

"नाही!" वरून सगळे एकसुरात ओरडले.

हमाल गेले. सुताराला बोलावणं धाडलं, तो म्हणाला सवड झाली की येतो, आणि सुताराची सवड म्हणजे काय ते कोणत्याही गावच्या माणसाला ठाऊक आहे. कपाट बोळावर आडवं राहिलं. अर्धं यांचं, अर्धं त्यांचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र एक गंमत झाली. आरसा खाली होता ना. नदीकडून येणारं ऊन तौफीकच्या पांढऱ्या भिंतीवर पडायचं, तिथून उडून आरशावर, आणि आरशातून खाली बोळात. त्या बोळात खलिफांच्या काळापासून ऊन आलं नसेल. म्हातारे स्टुलं घेऊन उजेडाच्या तुकड्यात येऊन बसले. बायकांनी तिथे टोमॅटो वाळत घातले. जाणारा येणारा वर बघून टोपी नीट करू लागला. बोळातल्या न्हाव्याने तर खुर्चीच तिथे आणली. गिऱ्हाइकाने मान मागे टाकायची, दाढी होताना वर स्वतःलाच पाहायचं. गिऱ्हाइकं वाढली. पाणीवाल्याच्या गाढवाने मात्र वर मान केली, तिथे एक गाढव पाय वर करून उलटं लटकलेलं पाहिलं, आणि त्या दिवसापासून बोळात पाऊल टाकायला साफ नकार दिला.

वस्तीचा मुख्तार हे हटवायला सांगायला आला. बोळ म्हणजे सरकारी वाट, वर काही आडवं घालता येत नाही. "हे आजच्या आज..." असं म्हणत त्याने वर पाहिलं. स्वतःला पाहिलं. मिशी डावीकडे जरा झुकली होती, ती सारखी केली. मग मागून केस कसे दिसतात ते बघायचा प्रयत्न केला. "सावकाश हटवा," तो म्हणाला. "घाई काही नाही."

वरती मात्र लढाई चालली होती. कपाटाची पाठ वर होती, सपाट, गुळगुळीत, सज्जापासून सज्जापर्यंत मेजासारखी पसरलेली. फखरियाने आपल्या बाजूला तुळशीसारख्या वासाच्या रैहानची कुंडी ठेवली. बदरियाने आपल्या बाजूला कांदे वाळत घातले. मुद्दाम. एकेक कांदा असा मांडलेला, की फखरियाच्या डोळ्यात डोळा घालून बघेल.

तिसरी आघाडी कुणी उघडली तर एका मांजरीने. लाल मांजर, मालक कोणी नाही. ती हाजीच्या स्वयंपाकघरातून अख्खा मासा तोंडात धरून निघाली, कपाटावरून कांदे चुकवत ऐटीत चालत आली आणि फखरियाच्या खोलीत बसून खाऊ लागली.

बदरिया धावत सज्जात आली. हाजी घरी नव्हता. तौफीक दुकानात. निरोप द्यायला मधे कोणी नाही. तिचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"तुझी मांजर!" शेवटी ती ओरडली.

"माझी नाही."

"मग तुझ्याकडे का आली?"

"तुझ्याकडून आली, म्हणून."

"माझा मासा आहे तो."

"मग घेऊन जा. डोकं खाल्लंय तिने, बाकी आहे."

बदरियाने पाहिलं. मांजर शेपटीपर्यंत पोचली होती. "राहू दे," ती म्हणाली. आणि मग, का कोण जाणे, तिथून गेली नाही. कांदे सारखे करत उभी राहिली. "तुझ्या कानातले नवे का?"

"कपाटाच्या दिवशी घातले होते. पाहिलेस की."

"हं," बदरिया म्हणाली.

"चहा टाकलाय. पिणार?"

"साखर किती घालतेस अजून? पूर्वी घालायचीस तेवढी?"

"तेवढीच."

"मग निम्मा दे."

पेला कपाटावरून सरकत गेला. परत येताना त्यात चार बदाम होते. मग रोजच होऊ लागलं. संध्याकाळी तौफीक घरी यायचा तर दोघी आपापल्या सज्जात मांडी घालून बसलेल्या, मधे कपाटावर टरबुजाच्या बियांचा ढीग, आणि आवाज बोळाच्या टोकापर्यंत. सात-आठ वर्षांची निंदानालस्ती साठलेली. ती संपवायची म्हणजे काम कमी नव्हतं. कोणाच्या सुनेने काय केलं, कोण मेलं आणि मेल्यावर काय काय बाहेर आलं. "थांब," एक म्हणायची, "ते तू मला सांगितलंच नाहीस!" "कशी सांगणार? तुझ्याशी बोलत नव्हते ना!" आणि दोघी मांड्यांवर थापा मारून हसायच्या.

नवऱ्यांची मात्र पंचाईत झाली. आता चोरून भेटायचं कारण उरलं नाही आणि डॉमिनोतली सगळी लज्जत गेली. "आज जायचं का पलीकडे?" हाजी सज्जातून ओरडून विचारायचा, राजरोस. "बघू," तौफीक म्हणायचा. घरच्यांच्या परवानगीने डॉमिनो खेळणं म्हणजे बिनमिठाचा मासा.

अशात एके सकाळी खाला नझहत आली. मोसुलच्या गाडीत बसण्याआधी कपाट एकदा डोळे भरून पाहावं म्हणून. बोळातून काठी टेकत आली, न्हाव्याच्या खुर्चीशी थांबली, सगळे वर बघताहेत म्हणून तिनेही वर पाहिलं. आरशातून एक म्हातारी तिच्याकडे बघत होती.

"हे माझं कपाट आहे का?"

"हो, खाला," तौफीक वरून म्हणाला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "जरा... अडलंय."

"ते तिथे गेलं कसं?"

तौफीकने सगळं सांगितलं. नदी, गुफा, दोर, उडी, कापूस. म्हातारी ऐकत होती. न्हाव्याच्या गिऱ्हाइकाने उठून तिला खुर्ची दिली, अर्धी दाढी तशीच ठेवून.

"पण अरे," सगळं ऐकून ती म्हणाली, "आख्खं कशाला आणलंत? ते सुटं होतं. खुंट्यांवर जोडलंय. खुंट्या ठोकून काढल्या की दारं वेगळी, बाजू वेगळ्या, माथा वेगळा. माझ्या नवऱ्याने मोसुलहून खेचराच्या पाठीवर आणलं होतं. मी फखरियाला दाखवलं होतं की! एकेक खुंटी दाखवली."

न्हाव्याचा वस्तरा हवेतच थांबला आणि त्यावरचा साबण टपकन खाली गळला. तौफीक हळूहळू बायकोकडे वळला. पाठीवर अजून कापसाचे कण सापडायचे.

"फखरिया?"

फखरिया रैहानची पानं खुडत होती.

"फखरिया, तुला ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं म्हणजे... सांगितलं होतं खालाने काहीतरी."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सुटं करून आणलं असतं तर बोळातूनच आलं असतं," फखरिया एकदम उसळून म्हणाली. "एक फळी, मग एक फळी, गोणपाटात गुंडाळून. समोरच्यांनी पाहिलं कसं असतं? मला हिच्या घरातून न्यायचं होतं. हिच्या नाकासमोरून. अख्खं! आरशासकट! म्हटलं बघू दे, कांदेवालीला!"

तौफीकने कपाळावर हात मारला. म्हणजे तो तिगरिसमध्ये भोवऱ्यासारखा फिरला, आभाळातून खाली पडला, ते याच्यासाठी. सगळ्यांचं लक्ष आता बदरियाकडे लागलं. हाजी तिच्या मागे उभा होता, तो सवयीने एक पाऊल मागे सरकला.

बदरियाने तोंड कसनुसं केलं. तिचे खांदे हलायला लागले. रडते की काय, असं तौफीकला वाटलं.

"मी पाहिलंच नाही," ती म्हणाली.

"काय पाहिलं नाहीस?"

"कपाट. मला काय कळत नव्हतं तू का थांबवतेस ते? अबायाखाली डोळे घट्ट मिटून बसले होते मी. म्हटलं, मर मेले, बघणारच नाही! आजपर्यंत मी त्या कपाटाची फक्त पाठ पाहिलीय."

फखरियाचा आ वासलेला राहिला. "तीनदा थांबवलं मी!"

"तिन्ही वेळा मिटलेले होते."

मग दोघींनी जो हसायला सूर धरला, तो थांबेना. बदरिया हसता हसता कपाटावर पालथी पडली, कांदे गडगडत खाली बोळात गेले, एक न्हाव्याला लागला, एक मुख्तारच्या दाराशी. खाला नझहत खालून विचारत होती, "कोणता कांदा? कसला कांदा?" आणि कोणालाही सांगायला दम नव्हता.

खुंट्या निघायला घटकाही लागली नाही. खालाने खालून काठीने खुणा करायच्या आणि हाजीने वरून हातोडा मारायचा. आधी माथा सुटला, द्राक्षांचे घोस चौकटीतून अलगद निघाले. मग दारं. आरसा निघाला तशी बोळात संध्याकाळ झाल्यासारखी वाटली. न्हावी खुर्ची उचलून निमूट दुकानात गेला. टोमॅटोवाल्या बायका कुरकुरल्या. पाणीवाल्याचं गाढव मात्र वास घेत घेत आत आलं.

खालाला गाडीची वेळ झाली. "जोडायला सोपं आहे," असं म्हणून तिने सगळ्यांच्या कपाळाची चुंबनं घेतली आणि ती गेली.

सोपं होतंही. हाजी आणि तौफीक दोघे लागले. फळ्या उभ्या केल्या, खुंट्या ठोकल्या, माथा चढवला. बदरिया बोळातून, जिन्याने, कित्येक वर्षांनी दारातून आत आली. अबाया सावरून कपाटासमोर गादीवर बसली आणि डोळे चांगले उघडून वरपासून खालपर्यंत बघू लागली. फखरिया बाजूला उभी, श्वास रोखून.

"बरं आहे," बदरिया म्हणाली.

"बरं?"

"द्राक्षं चांगली कोरलीत. गोल आहेत."

फखरियाने तिला उशी फेकून मारली आणि चहा टाकायला आत गेली.

तौफीक हात झटकत उठला. त्याच्या मुठीत एक खुंटी उरली होती. त्याने कपाटाकडे पाहिलं. कुठे भोक दिसेना. त्याने मूठ उघडून हळूच हाजीला दाखवली. हाजीने खुंटी पाहिली, कपाट पाहिलं, बायका पाहिल्या.

"पलीकडे जाऊ या का जरा?" हाजी दबक्या आवाजात म्हणाला. "डॉमिनो."

"कोणाला सांगायचं नाही?"

"कोणाला नाही."

दोघे मांजरपावलांनी जिना उतरले. बोळाच्या तोंडाशी सवयीने अनोळखी झाले, आणि पुलाच्या मधोमध पुन्हा एकमेकांना भेटले. दोघांचेही चेहरे कित्येक दिवसांत फुलले नव्हते तसे फुललेले. तेवढ्यात मागे, करखच्या काठावरून, लाकूड कोसळल्यासारखा धाडकन आवाज झाला आणि पाठोपाठ दोन बायकांची एकच किंकाळी.

"काही ऐकलंस?" तौफीकने विचारलं.

"नाही. तू?"

"मीही नाही."

आणि दोघांनी पावलं उचलली.